घर दवाखान्यास न देण्याबाबत

मी, नरसिंग सटवाजी मेत्रे, वय एकाहत्तर, धर्म बौद्ध, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार खटकचिंचोळी, तालुका भालकी, जिल्हा बिदर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डावा डोळा अधू आहे, बुद्धी शाबूत आहे. कोणाच्या सांगण्यावरून, धाकाने किंवा नशेत मी हे लिहीत नाही. रागाच्या भरात लिहिता काय, असे माझे साक्षीदार बंडेप्पा मास्तर यांनी विचारले. राग अकरा वर्षांचा आहे. त्याला भर म्हणता येणार नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे वारस दोन. मुलगा डॉ. माणिकराव, राहणार गुलबर्गा, वैद्यकीय महाविद्यालयात सार्वजनिक आरोग्य या विषयाचा प्राध्यापक. मुलगी शोभाबाई, विधवा, माझ्याजवळ राहते. पत्नी सरुबाई चार वर्षांपूर्वी वारली. शोभाचा एकुलता एक मुलगा मिलिंद १९७७ च्या उन्हाळ्यात दीड वर्षाचा असताना वारला. तो असता तर हे मृत्युपत्र दोन ओळींत संपले असते.

२. माझी मिळकत सर्व स्वकष्टाची आहे. वस्तीतील दोन खोल्यांचे दगडी घर, ओसरी व परसासह, पोस्टातील बचत, सायकल, रेडिओ, पुस्तकांची पेटी आणि घरातील भांडीकुंडी. घराचे दगड मी व सरुबाईने सुट्टीच्या दिवसांत स्वतः वाहिले. भालकी तालुका म्हैसूर राज्यात गेला व आम्ही बौद्ध झालो, त्याच सुमारास पाया घातला. गावातील काही प्रतिष्ठितांनी तेव्हा, मास्तर आता वाड्यात राहणार म्हणे, असा विनोद केला होता. त्यांपैकी एकटे पांडुरंगराव हयात आहेत. माणिकच्या सत्काराची शाल माझ्याकडे पडून आहे. ती पांडुरंगरावांना द्यावी. त्यांना थंडी फार वाजते आणि आमच्या घरची वस्तू अंगावर घेताना त्यांचा चेहरा कसा होतो हे बंडेप्पा मास्तरांनी पाहून घ्यावे.

३. पोस्टातील रक्कम व भांडीकुंडी शोभाची. पुस्तकांची पेटी विहाराला द्यावी. त्यातील माणिकने लिहिलेली पुस्तके आधी काढून घ्यावीत व त्यास परत पाठवावीत. ती इंग्रजीत आहेत. ज्यांच्याविषयी ती लिहिली त्यांपैकी कोणास वाचता येत नाहीत.

४. सायकल गुरुपादय्या स्वामी यांना द्यावी. त्यांची सायकल आमच्या कामी मोडली. ती कशी, हे पुढील कलमात आहे.

५. घर शोभास राहण्यासाठी देत आहे. मात्र ते, किंवा त्यातील एकही खोली, दवाखाना, आरोग्यकेंद्र किंवा संशोधनकेंद्र यासाठी माणिकरावास अगर त्याच्या संस्थेस देता येणार नाही. दिल्यास शोभाचा हक्क त्या दिवशी संपून घर विहाराच्या समितीकडे जाईल. समितीसही हीच अट लागू राहील.

वस्तीला दवाखान्याची गरज आहे हे मला ठाऊक आहे. बाळंतिणीला आजही गाडीत घालून भालकीला न्यावे लागते. तरीही नाही.

कारण लिहिणे भाग आहे. नाहीतर म्हातारा भ्रमिष्ट झाला होता असे कोर्टात म्हणतील.

माणिक आमच्या वस्तीतला पहिला डॉक्टर. उदगीरला दवाखाना थाटून त्याला सुखाने राहता आले असते. त्याने सार्वजनिक आरोग्य हा विषय घेतला. एकेका रोग्याला औषध देत बसण्यापेक्षा आपलीच वस्ती का जास्त आजारी पडते ते शोधले पाहिजे, असे त्याने मला समजावून सांगितले. मला ते पटले. आजही पटते. त्याच्या कामाला मी वाईट म्हणत नाही, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

त्या काळी उन्हाळ्यात हगवणीने आमच्याकडे मुले दगावत. मीठ, साखर व आणखी एकदोन क्षार यांची पूड पाण्यात कालवून घोटघोट पाजली तर मूल वाचते, हे माणिकला सिद्ध करायचे होते. त्यासाठी सारख्या दोन वस्त्या लागत. एका वस्तीत पुडे द्यायचे व बायांना शिकवायचे. दुसऱ्या वस्तीत काही द्यायचे नाही, फक्त दर आठवड्याला मुले मोजायची. कोणी फार आजारी असेल तर सरकारी दवाखान्यात न्या म्हणून सांगायचे. या दुसऱ्या वस्तीला तुलनेचा गट म्हणतात. दोन वर्षांनी तिलाही पुडे मिळणार होते.

पुडे द्यायची वस्ती त्याने पलीकडची, दोन कोसांवरची निवडली. मोजायची वस्ती म्हणून आमची निवडली.

याचे कारण त्याने मला नंतर सांगितले. आधी वस्तीला एवढेच सांगितले होते की मुलांची मोजणी आहे. वरच्या सभेत कोणी साहेब हसत म्हणाले होते की डॉक्टर मेत्रे पहिला पुडा आपल्याच माणसांना देणार. माणिकने तिथल्या तिथे आपली वस्ती तुलनेच्या गटात लिहून दिली. त्याच्याकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून. त्या साहेबाने आपल्या जातीच्या गावाला पुडे दिले असते तर कोणी हसले नसते. हे मला समजते. त्या हसण्याचा माणसाला किती धाक असतो तेही मला समजते, मी तीस वर्षे नोकरी केली आहे. पण धाक त्याला होता आणि किंमत शोभाने दिली.

मिलिंद आजारी पडण्याच्या आधीच्या रविवारी माणिक घरी आला होता. चुलीजवळ बसून भाकरी खाल्ली. मिलिंद त्याच्या मांडीवर होता. शेजारच्या दोन घरांत हगवण लागली आहे हे सरुबाईने त्याला सांगितले. मिठाची बरणी त्याच्या हाताशी होती, साखरेचा डबा फळीवर होता. मीठसाखरेच्या पाण्याचे त्याने सांगितले नाही. सांगितले असते तर मोजणी बिघडली असती. ठेचा छान झालाय म्हणाला व गेला.

पुढे मिलिंदला लागली. मोजणीचे काम गुरुपादय्या करीत. ते आले तेव्हा मुलाचे डोळे आत गेले होते. त्यांनी वही मिटली आणि भर उन्हात सायकल दामटत पलीकडच्या वस्तीत माणिककडे गेले. तेथे तो पुड्यांचे खोके उघडून बसला होता. गुरुपादय्यांनी त्याला तुमचा भाचा आहे असे सांगितले. तो काय म्हणाला ते गुरुपादय्यांनी मला शब्दाला शब्द सांगितले आहे. "तिथल्या कुठल्याबी लेकराला जे सांगितलं असतं तेच सांगायलोय. भालकीला न्या." गुरुपादय्या जंगम, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित. त्यांनी आमच्या मुलासाठी त्याच्यासमोर हात जोडले. माणिकने खोक्याचे झाकण लावले.

येताना सायकलची साखळी तुटली. ते सायकल टाकून पळत आले. आम्ही बैलगाडी जुंपून सडकेला निघालो होतो. बसची वाट पाहत असताना मिलिंद शोभाच्या पदरात गेला.

माणिक संध्याकाळी आला. रडला. ते मी नाकारत नाही. पुढच्या आठवड्याला मोजणी पुन्हा सुरू झाली, तेही मी नाकारत नाही. गुरुपादय्यांनी काम सोडले होते, म्हणून दुसरा माणूस आला आणि शोभाला त्याने विचारले, घरात लहान मुले किती.

पुढे माणिकचा लेख छापून आला. दिल्लीला बोलावणे आले, परदेशी गेला, प्राध्यापक झाला. पुडे जिल्हाभर गेले. आमच्या वस्तीतही आले, आणि आता उन्हाळ्यात मुले तशी मरत नाहीत. माणिकने मला एकदा विचारले, "अप्पा, त्या कामानं किती लेकरं वाचली? गणित तुमीच शिकिवलंय मला." गणित बरोबर होते.

६. रेडिओ कोणासही देऊ नये, मोडून टाकावा. मिलिंद गेल्यावर काही वर्षांनी सकाळच्या कार्यक्रमात मीठसाखरेच्या पाण्याची माहिती लागली. घरच्या घरी करा म्हणून सांगत होते. सरुबाई भाकऱ्या थापत होती. तिने विचारले, "हे मानिकला तवा ठाव होतं?" मी व्हय म्हणालो. तिने तवा उतरवला. त्यानंतर ती माणिकशी बोलली नाही. शेवटच्या दिवशी त्याने पाण्याचा चमचा पुढे केला तेव्हा तिने ओठ मिटून घेतले. तो चमचा धरून बराच वेळ बसला. मी सरुबाईला काही समजावले नाही, आणि तिने बरेच केले असे मला वाटले. अजूनही वाटते.

७. बंगळूरला माणिकचा सत्कार झाला तेव्हा मला पहिल्या रांगेत बसवले होते. विषय होता आरोग्यातील विषमता. भाषणात तो म्हणाला, त्या अभ्यासात माझ्या सख्ख्या बहिणीचे मूल गेले, आम्ही संशोधक दुरून पाहणारे नाही. लोक उभे राहिले, टाळ्या झाल्या. मी उठलो नाही. माझे गुडघे दुखतात असे त्याने शेजारच्यांना सांगितले.

म्हणून डॉ. माणिकरावाबद्दल पुढीलप्रमाणे ठरवितो. माझे दोन वारस सारखे आहेत. एकास मिळेल. दुसऱ्यास मी तुलनेच्या गटात ठेवीत आहे. त्यास घर, रक्कम, वस्तू यांपैकी काहीही मिळणार नाही. दर महिन्याला गावातून एक पोस्टकार्ड जाईल. तब्येत कशी आहे, झोप लागते काय, जेवण जाते काय, एवढे विचारावे व आलेले उत्तर जपून ठेवावे. उत्तर काहीही आले तरी मदत पाठवू नये. फार आजारी असल्यास सरकारी दवाखान्यात जाण्यास सांगावे. हा अन्याय आहे असे त्यास वाटल्यास त्याने नियम पाहावा. नियम त्याचाच आहे.

८. माझ्या अंत्यविधीस त्रिशरण पंचशील म्हणावे. माणिक आल्यास त्यास अडवू नये. मागच्या रांगेत उभे राहू द्यावे. कोणाला भाषण करू देऊ नये.

९. येथवर लिहून मी हे काल शोभास वाचून दाखविले. घर तिचे, म्हणून तिला कळणे रास्त होते. ती शेंगा फोडीत होती. कलम सात संपल्यावर तिने पोस्टकार्डे कोण लिहिणार, एवढे विचारले. तू, असे मी म्हणालो.

मग ती जे बोलली ते मी मृत्युपत्रकर्ता म्हणून येथे नोंदवीत आहे, कारण ते मिळकतीशी संबंधित आहे.

"अप्पा, मेलं ते माझं लेकरू हुतं. अण्णानं ते भाषणात सांगितलं, तुमी आता कागदावर लिहायलाव. माझ्यापाशी कुणीच ऱ्हाऊ देईना त्याला."

मी म्हणालो, तुझ्यासाठीच लिहितो आहे. ती म्हणाली, "मी कधी सांगितलं लिवा म्हणून? अकरा वर्सं झाली, मला एकदा तरी इच्यारलं का, शोभा, तुला काय पायजे?"

मी विचारले. ती म्हणाली, दवाखाना पाहिजे. तुमच्या मागे या घरात दवाखाना होणार, पुढच्या खोलीत. समितीच्या लोकांशी तिचे आधीच बोलणे झाले आहे. घर त्यांच्याकडे गेले तरी ते अण्णालाच देणार आहेत. त्यांच्याही घरात सुना आहेत. तिने माणिकला माफ केले काय, असे मी विचारले. ती म्हणाली, न्हाई. माफीचा आणि दवाखान्याचा काय संबंध, म्हणाली. पाटीवर मिलिंदचे नाव घालायचे असे माणिक म्हणतो, ते मात्र ती घालू देणार नाही. मग टरफले सुपात भरून ती परसात गेली.

मी रात्रभर विचार केला असे लिहिणार नाही. मला झोप लागली. सकाळी बंडेप्पा मास्तर सहीसाठी आले व कलम पाच आणि सात खोडा म्हणाले. मी नकार दिला. माझी बुद्धी शाबूत असल्याने मला हे कळते की मी गेल्यावर येथे दवाखाना होईल, विहाराची समिती अट पाळणार नाही, कोणी कोर्टात जाणार नाही, आणि शोभा एकही पोस्टकार्ड लिहिणार नाही. ते अडवण्याची ताकद माझ्यात नाही व आता तशी इच्छाही फारशी नाही. तरी कलमे तशीच ठेवीत आहे. ती पाळली जावीत म्हणून नव्हे. माणिकने ती वाचावीत म्हणून.

हे मृत्युपत्र मी लिहिले, वाचले व कबूल केले.

नरसिंग सटवाजी मेत्रे (सही)

साक्षीदार पहिला: बंडेप्पा बिरादार, सेवानिवृत्त शिक्षक. मेत्रे मास्तरांनी माझ्यासमोर सही केली, एवढ्यापुरतीच माझी साक्ष. शाल पोचविण्याचे काम मी करीन. पाच व सात ही कलमे माणिकला वाचून दाखविण्याचे काम मला सांगू नये.

साक्षीदार दुसरा: सिद्धप्पा हुडगे, पोस्टमन. (सही)

मुक्काम खटकचिंचोळी, दिनांक १७ नोव्हेंबर १९८८