रिकामा खटका

३ फेब्रुवारी

चि. छबूस,
अ. उ. आ.

तू पाठवलेला आपल्या जिन्याचा फोटो मिळाला. तिसऱ्या पायरीचा टवका अजून तसाच आहे. तिथेच पडून माझं कपाळ फुटलं होतं. कोपऱ्यावरच्या पत्रपेटीचाही छान आलाय. पण राजा, जिने आणि पेट्या पुरे झाल्या. गाणारे-वाजवणारे शंभर परके लोक तू टिपलेस आणि घरातल्या व्हायोलिनवाल्याचा एक फोटो नाही!

डॉक्टरांनी मला बाळंतपणापर्यंत अंथरुणातून हलायची बंदी केली आहे. बाबांचं तू लिहितोस ते रोज काढून वाचते. ते मला पुन्हा भेटतील असं वाटत नाही. व्हायोलिन हातात घेतलेले, हसरे बाबा मला हवेत. आजारी चेहरा पाठवू नकोस.

वेळेवर जेव, आणि मला विसरू नकोस.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटात फोटो शोधू नकोस. नाही.

बाबांच्या कार्यक्रमात खटक्याचा आवाज नको म्हणून मी तिथे कधी कॅमेरा नेला नाही, हे तुला माहीत आहे. रविवारी त्यांची खुर्ची खिडकीशी ठेवली. आता त्यांना उजेड-अंधार एवढंच कळतं, तरी कॉलर तीनदा चाचपली. माझी धंद्यातली एक खोड आहे. माणसं कॅमेऱ्यासमोर ताठ बसतात, म्हणून रोल भरायच्या आधी मी एकदा रिकामाच खटका वाजवतो. सुटलो एकदाचे, म्हणून ती सैलावतात. मग खरा फोटो. बाबांपुढेही हात सवयीने तेच करून गेला.

ते ताठ बसलेच नव्हते गं. गज उचलून त्यांनी आपल्याला सकाळी उठवायचे ती धून वाजवली, मध्येच सूर घसरला आणि स्वतःलाच हसले. तेव्हा मी खटका दाबला. त्यांनी तो ऐकला, झालं म्हणाले आणि व्हायोलिन पेटीत ठेवलं. मी रोल भरेपर्यंत मान छातीवर टेकली होती. त्यानंतर त्यांना उठून बसता आलेलं नाही.

रोज विचारतात, ताईला मिळाला का, काय म्हणाली. मी पोस्टाच्या नावाने खडे फोडतो. खरं सांगायला जीभ रेटत नाही. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तू सांगशील ते करीन.

जमलं तर माफ कर.

तुझा छबू


२७ फेब्रुवारी

चि. छबूस,
अ. उ. आ.

इतकी चिडले होते की तुझं पत्र फाडून टाकलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. सोबतचं पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव. वाचताना रडलास तर बघ.

ताई


ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोटो कालच्या टपालाने पोचला. पलंगासमोरच्या भिंतीवर लावून घेतलाय. खिडकीतला उजेड तुमच्या गालावर आहे, कॉलर अगदी नीट आहे. सूर चुकल्यावर हसता तसेच हसताय. पुढच्या दातांमधली फट दिसते. गज तेवढा हलल्यासारखा आलाय. त्यासाठी छबूला रागवू नका, मला तो तसाच आवडला.

येणारा-जाणारा विचारतो, हे कोण. माझे बाबा, म्हणून सांगते.

छबूने आजवर काढलेल्या फोटोंत एवढा चांगला दुसरा नाही.

आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू द्या.

तुमची
ताई