रॉकेटच्या यंत्राला पाणी

इंदापूर, ४ जानेवारी

चि. प्राचीस आत्याचे अ. उ. आ.

हितं समदं बरं हाय. फोनवर बोलायची सोय न्हाय, आमचे हे, तुझे मामा, कान लावून बसत्यात. म्हणून पत्र.

आपल्या डाळिंबाच्या कडंला तू ते यंत्र बसवून गेलीस, लांबच्या रॉकेटचा माणसाच्या कानाला न कळणारा आवाज टिपणारं. त्याच्या भोवतीच्या भोकाभोकाच्या नळ्या मामांना रोज कोरड्या दिसायच्या. पोरगी पाणी जोडायला विसरली म्हणत त्यांनी काल त्या ठिबकला जोडल्या आन मोटर सुरू केली. चांगलं रानभर भिजवलं गं! वर मलाच म्हणत्यात, आता यंत्र कसं तरारतंय बघ.

या वेळचं रॉकेट ऐकू आलं न्हाय तर यंत्र सुप्याला हलवणार, असं तू म्हणाली होतीस. मग हिकडं कशाला येशील? त्याच्यापायीच महिन्याला तुझं तोंड दिसतंय. मला घास गोड लागंना. काय करू ते लगोलग कळव. मामांना रागवू नको, ते काम माझ्याकडं हाय.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी आत्या, आक्काबाई


बारामती, ९ जानेवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून ऑफिसात मोठ्यानं हसले आणि मग मलाच घाम फुटला. अगं, त्या नळ्या वाऱ्याचा गोंगाट गाळायला आहेत. त्यांत पाणी भरलं की यंत्र ठार बहिरं! सगळ्या सोडव, उन्हात टांगून सुकव, होत्या तशा जोड. वीस तारखेला श्रीहरिकोट्याहून उड्डाण आहे. मामांना म्हणावं, खतसुद्धा घालू नका.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझी प्राची


इंदापूर, २१ जानेवारी

चि. प्राचीस अ. उ. आ.

नळ्या वाळवून जोडल्या. काल मोटर बंद, ट्रॅक्टर बंद, बानूबाईच्या शेळ्या वढ्यापल्याड हाकलल्या. मामांना शिंक आली तर तोंडावर टॉवेल दाबला. लग्नापास्नं घरात येवढी शांतता पहिल्यांदाच! पर आमाला काईच ऐकू आलं न्हाय. तुला आलं का गं? जीव टांगणीला लागलाय.

आशीर्वाद हायतच.
तुझी आत्या


बारामती, २६ जानेवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

आलं! रॉकेट सुटल्यावर पाऊण तासानं आवाज आपल्या डाळिंबात पोचला आणि इथं पडद्यावर स्वच्छ उमटला. यंत्र तिथंच राहणार. शिंक चालली असती, हे मामांना सांगू नकोस.

पण साहेब म्हणाले, आता सगळं आपोआप इथं कळतं, कुणी जायची गरज नाही. मी ठोकून दिलं की त्या यंत्राला दर महिन्याला हात लावावाच लागतो. धडधडीत खोटं! यंत्राला काही होत नाही गं, मलाच तुला भेटल्याशिवाय करमत नाही.

येत्या शनिवारी येते. साहेबही सोबत येतायत. तेव्हा दारातच त्यांच्यादेखत माझ्यावर तोंड सोड, की किती दिवसांनी उगवलीस, यंत्राला महिनाभर कुणाचा हात लागला नाही.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारी,
प्राची