फ्लेक्सवरचा ग्रह

कळस, ता. इंदापूर
यात्रेनंतरचा मंगळवार

प्रिय निकी,

फोन केला की तू म्हणतेस, कामात आहे आई, मग बोलते, आणि तुझं ते मग काही उगवत नाही. म्हणून सरळ कागद घेतला. राजलक्ष्मी याचे फोटो काढून तुला जर्मनीला पाठवील. वाचणार नाही म्हणालीय वहिनी तुझी, पण वाचेलच. वाचू दे. माझा जन्म अंगणवाडीचे अहवाल लिहिण्यात गेला, त्यामुळं मध्येच भाषा सरकारी झाली तर चालवून घे.

इकडं सगळं ठीक. डाळिंबाची फुगवण चांगली आहे. तिथलं काम सोडून बारामतीच्या कॉलेजात शिकवायला येणार म्हणून तू अर्ज केलास, तेव्हापासून घरात लगीनघाई आहे. सुयोगनं वरच्या खोलीला रंग दिला. रंग निवडला बापलेकांनी, त्यामुळं खोली आता दवाखान्यासारखी दिसते. तात्या इंदापुरात जाऊन स्कूटीची चौकशी करून आले. म्हणे, माझी पोरगी एसटीला लटकत जायची न्हाय. आणि मी? मी तुला फोनवर ये बाई लवकर म्हणाले, ते तुला आठवत असेल. मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे, तेही मला पाठ आहे.

पण एक विषय तू काढत नाहीस आणि मीही काढत नव्हते. तो फ्लेक्स. दिवाळीत तू फोनवर तुझ्या त्या लांबच्या ग्रहाबद्दल सांगितलंस. मला कळलं ते एवढंच, की तो त्याच्या ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा उजेड ग्रहाच्या हवेतून गाळून आपल्याकडं येतो, आणि हवेत जो वायू असेल तो त्यातला आपला वाटा खातो. कुठला वाटा गायब आहे ते बघून वायू ओळखायचा. आपल्याकडं समुद्रातले बारीक जीव सोडतात तसला एक वायू तिथं असावा, असं तुम्हाला वाटत होतं. असावा, अजून पक्कं नाही, हे तू पुन्हा पुन्हा बजावलंस. पण फोन स्पीकरवर होता आणि समोर जोतीरामभाऊजी चहा पीत होते. तात्यांच्या या चुलतभावाला कुणाचा वाढदिवस कळला तरी फ्लेक्स लावल्याशिवाय झोप येत नाही. इथं तर घरचीच पोर.

आठवड्याच्या आत फाट्यावर तू झळकलीस. परग्रहावरील जीवसृष्टीचा शोध लावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. फोटो सुयोगच्या लग्नातला, नथीचा. तुझ्या बाजूला हिरव्या तोंडाचा, मोठ्या डोळ्यांचा एक प्राणी, आणि त्याच्या डोक्याला फेटा. खाली शुभेच्छुकांची अख्खी रांग, त्यात अजून शाळेत न गेलेली छकुलीसुद्धा. मी हसले, हे कबूल करते. तात्या तर रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला फाट्यावरच जायला लागले. शेळगावची माणसं दूध घालायला जाताना थांबून विचारायची, वहिनी, तितं पाऊसपानी कसं हाय, ऊस हुतो का? मीही ठोकून द्यायचे, की चौकशी चालू आहे.

मग माघात तुझा फोन आला. दुसऱ्यांदा बघितलं तर त्या वायूची खूण दिसत नाही म्हणालीस. पहिल्या वेळी यंत्राचा गोंधळ असेल, किंवा ताऱ्यावरच्या डागांचा. आवाज कोरडा होता तुझा. फाट्यावरचा तो फोटो कुणीतरी तुझ्या ऑफिसातल्या लोकांनाही पाठवला होता, हे तू मला सांगितलं नाहीस, सुयोगनं सांगितलं. तिथं साहेबांशी तुझं काय झालं, तेही त्याच्याकडूनच कळलं. त्यानंतर तुझे फोन कमी झाले. यात्रेला येणार होतीस ते रद्द केलंस, आणि महिन्याभरात बारामतीचा अर्ज. आम्ही आपले खूश. लेक परत येते म्हटल्यावर ती का येते, हे कोण विचारतंय.

परवा यात्रेत मात्र विचारावं लागलं. गुणवंतांचा सत्कार होता आणि भाऊजींनी तुझं नाव यादीत तसंच ठेवलेलं. तू नाहीस म्हणून शाल घ्यायला मला स्टेजवर बोलावलं. माइकवरून सांगितलं, हिच्या लेकीनं आभाळात जीव शोधला. टाळ्या पडल्या. मी शाल घेतली नाही. का ते तेव्हा मलाही कळलं नाही. माइक हातात घेतला आणि म्हणाले, तसं काही सापडलेलं नाही. आधी वाटलं होतं. मग पुन्हा बघायचा हट्ट माझ्या लेकीनंच धरला. वरचे साहेब म्हणत होते आधी छापून टाकू, तर ही अडून बसली. फाट्यावर तिचा एवढा मोठा फोटो लागलेला असताना अडून बसली. पुन्हा बघितलं, दिसलं नाही, तर दिसलं नाही असं तिनंच लिहून दिलं. शाल द्यायची तर याच्यासाठी द्या, नाहीतर राहू द्या तुमच्यापाशी.

भाऊजींचं तोंड बघवेना. मला वाटलं, आता लोक हसणार. तेवढ्यात पुढं बसलेल्या बानूबाई मोठ्यानं म्हणाल्या, मग त्यात काय, येकच हाय व्हय तितं? दुसऱ्या ठिकानी बघंल की. आणि निकी, माणसं माना हलवायला लागली. सगळ्यांना कळलं असं नाही. निम्म्या लोकांचा समज आहे की तू कसल्या परीक्षेत नापास झालीस, आणि त्यांनी मला ऑक्टोबरला पुन्हा बसव म्हणून सांगितलं. भाऊजींनी शेवटी शाल माझ्या खांद्यावर टाकलीच, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फ्लेक्स उतरवला. आता तो त्यांच्या कडब्याच्या गंजीवर आहे. चारा कोरडा राहतो म्हणतात.

घरी आले आणि स्वयंपाकघरात बसून रडले. लाजेनं नाही. स्टेजवर तुझं काम सांगताना माझा आवाज चढला होता, आणि मला कळलं की दिवाळीत तू सांगत होतीस तेव्हा तुझाही आवाज असाच होता. कॉलेजबद्दल बोलताना एकदाही तसा लागला नाही. मी आई आहे, मला ते ऐकू आलं होतं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण तू घरी यायला हवी होतीस.

तर पोरी, हे पत्र एवढ्यासाठी. शिकवायची खरंच हौस असेल तर ये, खोली तयार आहे, मी फाट्यावर घ्यायला येईन. पण गावाला तोंड कसं दाखवू म्हणून तिथलं सोडून येत असशील, तर येऊ नकोस. गावाला मी सांगून टाकलंय, ते आता संपलं. तात्यांना स्कूटीचं मी समजावते. रुसतील चार दिवस. मला तू इथं हवी आहेस, रोज हवी आहेस, तरी हे लिहिते. बानूबाई काल दळण घेऊन जाताना दारात थांबल्या होत्या. विचारत होत्या, पोरीनं दुसरं ठिकान बघाया घेतलं का? मी व्हय म्हणून सांगितलंय.

तुझीच,
आई