बदललेलं नाव

३ जानेवारी
पीएच.डी. यंदा संपवायचीच. विषय: नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायका. गोपनीयता एकदम कडक. फोनला पासवर्ड, लॅपटॉपला पासवर्ड. विसरू नये म्हणून दोन्हींना एकच.

९ जानेवारी
नूतनवहिनी बोलली. नवरा राहुल मांडव्याच्या जेट्टीवर कामाला. घरी आला की हात उचलतो. फार रडली. कुणाला कळलं तर जिवंत सोडणार नाही म्हणाली. मी शब्द दिला. (नाव इथे लिहायला नको होतं. पण रोजनिशी माझीच आहे.)

२० जानेवारी
गाईड मॅडम म्हणतात, नावं बदला. नूतनचं 'केसर' केलं. जुनं, गोड नाव. आमच्या किहीममध्ये आता कुणाचं असणार? स्वतःवर खूश.

८ मार्च
महिला दिन. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये मुलाखतींतले उतारे वाचले. केसरचा उतारा संपला तेव्हा सगळे गप्प. टाळ्या नाहीत, म्हणजे परिणाम खोलवर. नावं बदललीत हे शेवटी सांगणार होतो, तेवढ्यात चहा आला.

९ मार्च
आमच्या वाडीत नारळ पाडायला येणाऱ्या सदूच्या बायकोचं नाव केसर! लहानपणापासून तिला 'सदूची बायको' म्हणत आलो, मला कसं कळणार? आई म्हणाली, बायकांवरच पीएच.डी. करतोस ना? अंघोळीला गेलो.

१० मार्च
केसर सांगत फिरतेय की ती माझ्याशी बोललीच नाही. लोक म्हणतात, घाबरलीय बिचारी. खुलासा करावा तर खरी कोण ते शोधत बसतील, आणि मी कुणाकुणाच्या घरी गेलो ते गावाला ठाऊक आहे. तेव्हा गप्प राहणं हेच नियमाला धरून. सदू साधा माणूस. विसरेल.

१३ मार्च
देवळापाशी गावाने सदूला समज दिली. पुढाकार राहुलचा. बाईवर हात उचलणाऱ्याला गावात थारा नाही, असं बरंच बोलला. मला मानाने शेजारी बसवलं. मी नुसता पाणी पीत राहिलो. लाज वाटली. उद्या नक्की काहीतरी करायचं.

१४ मार्च
डोकं दुखत होतं.

१५ मार्च, संध्याकाळ
सदू आला. भांडला असता तर बरं झालं असतं. बस म्हटलं तरी उभाच. केसर नाही म्हणते, पण ती भीतीनेच नाही म्हणत असेल, असं आता त्यालाही वाटतंय. मग हळूच म्हणाला, "सलिलभाऊ, तुमच्याकडं सगलं लिवलेलं हाय. झोपेत-बिपेत लागला असंल काय माजा हात तिला?"

मी सांगितलं, माहिती गोपनीय आहे.

बरं म्हणाला. खरं काय ते कळेपर्यंत घरी ओसरीवरच झोपतो म्हणाला.