फरशीला काय लावायचे

मखमलाबाद, नाशिक
१२ नोव्हेंबर २०२५

चि. ज्ञानेश यास,

आशीर्वाद. मोठ्या बहिणीने लिहायचा असतो, म्हणून लिहिला. अण्णांची तब्येत ठीक आहे. थंडी पडू लागली आहे. मळ्यातली मेथी निघाली, कोबी अजून उभा आहे.

तू घरच्या ग्रुपवर तीन डब्यांचे फोटो टाकून विचारलेस, "ताई, आईच्या वर्षश्राद्धाआधी फरशीला यातला कोणता सीलर मारायचा? पटकन सांग, माणूस पाठवतो." फोनवर तू मला वाक्य पुरे करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहीत आहे.

पहिले दोन डबे वरून थर बसवणारे आहेत. दगडावर प्लास्टिकसारखा पापुद्रा धरतो, चमकतो, आणि पाणी पडले की निसरडा होतो. तिसरा आत मुरणारा आहे. तो दगडाच्या छिद्रांत जातो, वर काही राहत नाही. चमक येत नाही. दगडाचा मूळचा खरखरीतपणा तसाच राहतो. आपल्या शहाबादी फरशीला घरात तिसराच चालेल. तोही लावून झाल्यावर जास्तीचा लगेच पुसून घ्यावा लागतो, नाहीतर चिकट डाग राहतात. आणि तुझ्या माणसाला ॲसिडने धुवायला सांगू नकोस. हा दगड ॲसिडने खराब होतो.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते. पण तू खाली लिहिले आहेस, "गेल्या वर्षीच्या दिवाळीसारखी काच दिसली पाहिजे, पाहुणे येणार आहेत." म्हणून पुढचे लिहावे लागते.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत तुझ्या साईच्या जावळासाठी तूच ती काच करून घेतलीस. दुसऱ्याच दिवशी आई म्हणाली, "ज्ञाना, पाय ठरत नाही रे यावर." तू म्हणालास, "आई, शेणाचं सारवण गेलं आता. उद्यापासून फरशीत बघून कुंकू लाव." सगळे हसले. आईसुद्धा हसली.

आईची रीत तुला माहीत होती. आंघोळीनंतर ती पाय पुसत नसे. पुसायचे फडके सोवळ्यातले नसते, असे तिला सटाण्याला माहेरी शिकवलेले. ओल्या पायांनीच तुळशीला पाणी घालायची आणि तशीच देवघरात यायची. लग्न होऊन आल्यापासून ती याच फरशीवर अशी चालली. कधी घसरली नाही.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आईच्या हातात तांब्या होता. तिला चक्कर आली नाही, ज्ञानेश. चक्कर आलेले माणूस भिंत धरते, खाली बसते. तिचे दोन्ही पाय पुढे गेले आणि ती मागे पडली.

खुब्याचे ऑपरेशन झाले. ती घरी आली नाही, हे तुला माहीत आहे. तू पुण्याहून पोहोचायच्या आधी तिने माझा हात धरून काय सांगितले, ते तुला माहीत नाही. "त्याला सांग, मला चक्कर आली. हौसेनं केलंय गं त्यानं. जन्मभर मनाला लावून घेईल." मी हो म्हटले. अण्णा शेजारीच बसले होते. तेही गप्प राहिले.

आणि तू दहाव्याला रामकुंडावर मामांसमोर काय बोललास? "बीपीची गोळी चुकली असणार. ताई घरात असून लक्ष नाही." तुझी बायको निकिता म्हणाली, "ताईंना शाळेतून वेळ कुठे मिळतो!" लंकामावशी त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही. गोळी मी रोज आईच्या हातावर ठेवत होते. त्या दिवशीही ठेवली होती. तुझ्यासाठी नाही, आईला शब्द दिला होता म्हणून मी वर्षभर ऐकून घेतले.

अजूनही घेतले असते. पण आता देवपूजा अण्णा करतात, आईसारखीच ओल्या पायांनी. मी पंचा पुढे केला तर म्हणाले, "ती पुसायची का?" त्यांच्या पायांखाली तू पुन्हा तोच थर घालायला निघाला आहेस.

निकिताने फरशीच्या फोटोत देवघराजवळच्या डागाला गोल करून "हा गेलाच पाहिजे" असे लिहिले आहे. आई गेल्यावर दहा दिवस तिथे दिवा ठेवला होता. त्याच्या धगीने तुझा थर तिथे तडकला आणि तेल दगडात उतरले. तेल ओढून घेणारा लेप मिळतो, डाग जाऊ शकतो. मी लावणार नाही.

गेल्या आठवड्यात सावळीराम मिस्त्रींना बोलावून तुझा थर काढून घेतला. फरशी मातकट दिसते. अण्णा तिच्यावर दोन खेपा चालून पाहून म्हणाले, "आता आपली वाटती." तिसऱ्या डब्यातलेसुद्धा लावायचे की नाही, ते अण्णा ठरवतील. तुझा माणूस आला तर त्याला फाटकातूनच परत पाठवीन.

श्राद्धाला ये. मामांना आणि लंकामावशीला खरे काय झाले ते पान वाढायच्या आधी तू सांग. तू नाही सांगितलेस तर मी सांगेन, आणि अण्णा या वेळी गप्प राहणार नाहीत, मी त्यांना विचारले आहे.

आईला भीती होती, तू जन्मभर मनाला लावून घेशील. घे.

आईचा शब्द मोडणारी,
सुवर्णा