दाराआडचा शिरा

आई, आम्ही ग्रीसला जाऊन आलो. हे तुला सांगताना मला हसूच येतंय, कारण तू असताना आपला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे साताऱ्याहून गणपतीपुळे. तिथेही तू समुद्रात घोट्यापर्यंतच उतरलीस, एका हाताने साडी धरून आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट आवळून, आणि परतीच्या एसटीत म्हणालीस, "नुसतं पाणीच पाणी की." मेलबर्नही तू पाहिलं नाहीस. तिथलं आमचं उपनगर, क्रेगीबर्न, पाहिलं असतंस तर तुझं पहिलं वाक्य मला माहीत आहे: सगळी घरं सारखीच, माणूस आपलं घर ओळखतो कसं? आमच्या डाव्या हाताला एक ग्रीक आजी राहतात. कुंपणावरून लिंबं देतात. ती पिशवी मी कधी रिकामी परत केली नाही. कधी त्यात करंज्या गेल्या, कधी नुसती मूठभर साखर. त्यांनीच सांगितलं की त्यांच्या बेटावर एक छोटं गाव आहे, वाळू मऊ, पाणी उथळ, दंगा नाही, पोराबाळांची माणसं येतात. त्यांची वहिनी तिथे दोन खोल्या भाड्याने देते. "गो. टेक द गर्ल," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात आणखी चार लिंबं कोंबली.

"द गर्ल" म्हणजे तुझी नात. तू तिला पाहिलं नाहीस, आणि दोन वर्षं मीही तिला धड पाहिलं नव्हतं. एवढी बडबडी पोर की शाळेतून आली की बूट काढता काढता तीन गोष्टी सांगून व्हायच्या, आणि तिन्हींत ती स्वतःच शहाणी असायची. मग महामारी आली. मेलबर्नने दारं लावली, उघडली, पुन्हा लावली, पुन्हा उघडली. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, रात्री बाहेर पडायचं नाही, आणि शाळा लॅपटॉपमध्ये. तिने खोलीचं दार लावून घेतलं. आधी शाळेपुरतं, मग जेवणापुरतंही. ताट न्यायची, ताट आणून सिंकमध्ये ठेवायची. पुढे सगळं उघडलं, दुकानं उघडली, विमानं सुरू झाली, फक्त तिचं दार तेवढं उघडलं नाही. शाळेत जायची, यायची, आत जायची. मी दारावर टकटक करून विचारायचे, "काय झालं गं?" आतून एकच उत्तर, "नथिंग, ममा. आय'म फाइन." शाळेतली समुपदेशक म्हणाली, जोर करू नका. डॉक्टर म्हणाले, शांत ठिकाणी घेऊन जा. तुझा जावई म्हणाला, वय आहे, होईल ठीक. मला मात्र भीती वाटायची, आई. ही पोर आता अशीच दारापलीकडची राहणार, मोठी होऊन निघूनही जाणार, आणि आमचं नातं ताट देण्याघेण्यापुरतंच उरणार, अशी खरोखरची भीती. जूनमधली शाळेची सुट्टी लागली तशी आम्ही तिला घेऊन निघालो. विमानात तिने कानात इअरफोन घातले ते बेटावरच काढले.

गाव अगदी सांगितल्यासारखं. एक रस्ता, एक बेकरी, फुगवायची बदकं टांगलेलं एक दुकान, आणि समोर समुद्र. पाणी इतकं उथळ की तीन वर्षांची पोरं लांबपर्यंत चालत जात होती आणि त्यांचे बाप मागे निवांत उभे होते. मला सगळ्यात आवडल्या त्या तिथल्या बायका. तुझ्या वयाच्या, म्हणजे तू आज असतीस त्या वयाच्या. डोक्यावर टोप्या घालून गळ्यापर्यंत पाण्यात बसायच्या आणि तासन्‌तास गप्पा मारायच्या. आपल्याकडे बायका ओट्यावर बसायच्या, तशा या समुद्रात. दुपारी सगळं गाव दारं-खिडक्या ओढून झोपायचं, आणि त्या वेळी जोरात बोललेलं खपायचं नाही. हा नियम तुला पटला असता.

घरमालकीण, म्हणजे आजींची ती वहिनी, खाली राहायची, आम्ही वर. इंग्रजी तिला आठ-दहा शब्द येत असावेत, पण पहिल्याच संध्याकाळी ती भात भरलेल्या टोमॅटोंची निळी थाळी घेऊन जिना चढून आली. भरली वांगी असतात तसे भरले टोमॅटो. आता थाळी रिकामी कशी परत करायची? तुझी मुलगी ना मी. क्रेगीबर्नहून नेलेला पातळ पोह्यांचा चिवडा भरून पाठवला. ती दुसऱ्या दिवशी थाळीत बिस्किटं घालून आली. मी लाडू घातले. ती जर्दाळू घेऊन आली. मी उरलासुरला चिवडा झाडून दिला. जावई म्हणाला, "अगं, तुमच्यापैकी कोणीतरी थांबा, नाहीतर आपण विमान चुकवू." पण थांबणार कोण? तिच्याकडेही बहुतेक हीच रीत असावी, कारण पुढच्या संध्याकाळी चीज घातलेले पातळ पापुद्र्याचे तुकडे आले. पळसाला पानं तीनच. आणि माझा डबा संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कॉफीचा वास आला नाही. आधी वाटलं कॉफीच पाणचट आहे. मग साबण हुंगला, मग ग्रीक आजींनी दिलेलं, सोबत आणलेलं लिंबू. काही नाही. कोविडची रॅट टेस्ट केली, दोन रेघा, म्हणजे पॉझिटिव्ह. दुष्काळात तेरावा महिना. नियमाप्रमाणे मी आतल्या झोपायच्या खोलीत एकटी, दार बंद, आणि बाहेरच्या स्वयंपाकाच्या खोलीत ही दोघं. जावई बस धरून शेजारच्या मोठ्या गावात औषधं आणि मास्क आणायला गेला. त्याला तसंही अंड्याच्या पुढचं काही येत नाही. घरात उरलो मी आणि पोर, मध्ये दार. फरक इतकाच की या वेळी दाराच्या आत मी होते.

मी आतून ओरडले, "ती निळी थाळी खाली द्यायची राहिलीय."

"आय'ल वॉश इट अँड गिव्ह इट बॅक."

"रिकामी नाही द्यायची."

"ममा, देअर्स नथिंग लेफ्ट. लाडू संपले, चिवडा संपला. नॉर्मल लोक थाळी धुतात आणि देतात."

"साखर तरी घाल."

"कोणी साखर देतं का कोणाला? सो एम्बॅरसिंग." मला वाटलं गेली आपल्या मोबाइलमध्ये. तेवढ्यात दाराच्या अगदी जवळून आवाज आला. "फाइन. काय करू मग? टेल मी. व्हॉट डू आय मेक?"

आई, कित्येक महिन्यांत तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. शिरा कर, मी म्हटलं. बेकरीशेजारच्या दुकानात रव्यासारखं काहीतरी मी पाहिलं होतं, ते आणायला सांगितलं. शिवाय लोणी, दूध आणि बेदाणे. ती गेली आणि मी दाराशी बसले, आणि त्या क्षणी मला तू आठवलीस. मागच्या दाराच्या उंबऱ्यापलीकडे, घोंगडीवर, वेगळा पेला बाजूला ठेवून बसलेली तू.

महिन्यातले तुझे ते दिवस. बाबा म्हणायचे, आत ये, कोण बघतंय? सासू नाही, सासरा नाही, कसलं बाजूला बसतेस? तू हसून म्हणायचीस, "माझी हक्काची रजा आहे, तुमच्या सांगण्यावरून सोडू होय?" आणि मला चौरंगावर उभी करून बाहेरून स्वयंपाक करवून घ्यायचीस. मी किती लहान होते, धुराने डोळे चोळत विचारायचे, झालं का? आणि तू, जिला कढई दिसतही नव्हती, नाकानेच सगळं बघायचीस. "अजून कच्चा आहे. हलव. थांबू नकोस. हं, आला वास, आता घाल पाणी." मोठी झाल्यावर, माझी वेळ आली तेव्हा मी तणतणत सांगितलं होतं की मी असली बाजूबिजूला बसणार नाही, हे सगळं अडाणीपणाचं आहे. मला वाटलं आता चांगलं फैलावर घेशील. तू बाहेरून शांतपणे म्हणालीस, "नको बसूस. पण बडबड करताना हात थांबलाय तुझा, रवा करपेल." मी आजही त्या बाबतीत तुझ्याशी सहमत नाही, हे सांगून टाकते. माणसाला घराबाहेर बसवणारी रीत ती रीतच नव्हे. पण मला स्वयंपाक आला तो त्या उंबऱ्यापलीकडून. तुझा हात मध्ये आला नाही म्हणून माझा हात तयार झाला, हेही खरं आहे.

पोर रवा घेऊन आली. पाकिटावर सगळी ग्रीक अक्षरं, ती दाराच्या फटीशी धरून म्हणे, हेच का? मला फटीतून काय दिसणार? म्हटलं, हातात घेऊन बघ, वाळूसारखं लागतंय का? "लाइक द बीच?" "बीचपेक्षा जाड." "ओके, देन इट्स धिस." लोणी कढवायला सांगितलं, मग रवा घालून मंद आचेवर भाजायला. आणि मी सवयीने नाक वर केलं, आई. काहीच नाही. शेगडीवर माझ्यापासून चार हातांवर रवा भाजला जात होता आणि माझ्या नाकाशी नुसती हवा होती. जी गोष्ट तू मला भिंतीआडून सांगितलीस, ती मला दाराआडून सांगता येत नव्हती. मला रडूच फुटलं.

"ममा? आर यू क्राइंग?"

"नाही. सर्दी आहे. हे बघ, मला वास येत नाहीये. तुलाच सांगावं लागेल भाजला का ते."

"हाउ वुड आय नो?"

"वास बदलतो."

"कसा? टोस्टसारखा?"

"त्याच्या जरासा आधीचा. हलवत राहा."

बराच वेळ चमच्याचा आवाज येत राहिला. मग ती एकदम म्हणाली, "पूजा! ममा, इट स्मेल्स लाइक पूजा. आपल्या घरी पूजा असते ना, सकाळी, तसा वास येतोय."

"घाल दूध," मी म्हटलं. "हळू, अंगावर उडेल." ते उडलंच, आणि ती किंचाळली, आणि मग चक्क खदखदून हसली. ते हसणं मी शेवटचं लॉकडाऊनच्या आधी ऐकलं होतं.

थाळी खाली गेली. खिडकीतून मला अंगण दिसत होतं. घरमालकिणीने लांब उभं राहूनच एक घास तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि मग जोरजोराने हातवारे करत काहीतरी सांगू लागली. पोरीला नंतर कळलं ते असं, की तेही रव्याचं अगदी असंच करतात, फक्त तेलात, दालचिनी घालून, आणि हिने घोटलाय मात्र छान. मग तिने पोरीचा टॉवेल दोरीवरून ओढला, तिच्या खांद्यावर टाकला आणि समुद्राकडे बोट दाखवलं. माझी पोर, जिला मी दोन वर्षं "जरा बाहेर जा" म्हणून म्हणून थकले, मुकाट्याने तिच्यामागून गेली. लांबून मला दोन डोकी दिसली, एक टोपीचं आणि एक केस मोकळे सोडलेलं, गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली. एकमेकींची भाषा येत नव्हती, म्हणून कोणी काही विचारतही नसणार.

संध्याकाळी ती ओल्या केसांनी दाराबाहेर येऊन बसली. तिने आपली बशी फरशीवर ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला. माझी मी आत ठेवली. दोघी मध्ये दार ठेवून जेवलो. आणि ती बोलायला लागली. आधी समुद्राचं, मग त्या बाईच्या हातवाऱ्यांचं, मग मध्येच थांबून म्हणाली, "तू रोज विचारायचीस ना, काय झालं, काय झालं. काहीच झालं नव्हतं, ममा. दॅट वॉज द थिंग. टू यर्स, अँड नथिंग हॅपन्ड टु मी. मग मी बाहेर येऊन सांगणार काय? यू वुड जस्ट लुक ॲट मी." मला खूप काही म्हणावंसं वाटलं. पण तिला माझा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच ती हे बोलत होती, इतकं मला कळलं. मी फक्त "हं" म्हटलं. दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा आली, तिसऱ्याही. मैत्रिणींचं सांगितलं, स्क्रीनवर दिवसभर स्वतःचाच चेहरा बघून त्याचा कंटाळा आला, तेव्हा कॅमेरा बंद करून टाकल्याचं सांगितलं. एकदा रडली. मी दाराला हात लावून बसून राहिले.

आता आम्ही घरी आलोय. इथे थंडी मी म्हणतेय. दार तिचं कधी उघडं असतं, कधी बंद, आणि बंद असलं तरी मी आता "काय झालं" असं विचारत नाही. कढईत रवा टाकते आणि हाक मारते, वास आला का बघ गं. माझं नाक अजून पुरतं परतलेलं नाही, आणि परतलं तरी मी लगेच सांगणार नाहीये.

हे कागद मी कोणाला दाखवणार नाही, जावयालाही नाही, कारण यात एक गोष्ट आहे जी फक्त तुला सांगायची आहे. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी टेस्ट केली. एकच रेघ आली. सुट्टीचा शेवटचा दिवस होता, बाहेर समुद्र होता, नवरा माझी वाट बघत होता, आणि मी कडी काढायला उठलेही. तेवढ्यात पलीकडे बशी फरशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"स्टिल पॉझिटिव्ह?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि दाराला पाठ टेकून खाली बसले.