सुनेनं लावलेली कडी

प्रिय त्रीनू,

तुझ्या घराचं धुराडं माझ्या खिडकीतून दिसतं, तरी हे पत्र टपालात टाकते आहे. फोनवर मला मध्येच रडू आलं असतं, आणि रडणारी नर्स कोणालाच आवडत नाही.

इकडे बटाटे लावून झाले आणि माझी कंबर धरली. योसेपनं परवा धुरी दिलेले मासे आणून दिले. मीठ अगदी बेताचं होतं. माझ्या लेकाला हे तू शिकवलंस. मी जन्मभर ओरडून थकले होते.

मार्चमध्ये तू गोचिडतापाची लस घ्यायला आलीस. डॉक्टर रजेवर होते, म्हणून मीच संगणकावर तुझं नाव उघडलं, तर लसींखेरीज तुझ्या तब्येतीचे सगळे कागद बंद. आमच्या दवाखान्याला ते दिसू नयेत अशी कडी तूच लावली होतीस. हा हक्क प्रत्येकाला आहे, तो वापरा, असं मी बेटावरच्या म्हाताऱ्यांना बसवून समजावते. पण माझ्याच सुनेनं तो माझ्यावर वापरला तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. लस टोचताना हवापाण्याचं बोलले आणि घरी येऊन भांडी आपटली. मी काय गावभर सांगत फिरणार होते?

मग आइनोनं माझा राग उतरवला, तिच्याही नकळत. या बेटावरून कोण फेरीबोटीत चढलं हे आइनोला बोट सुटण्याआधी कळतं. गाण्याच्या तालमीत सगळ्या बायकांसमोर तिनं विचारलं, ‘‘उर्वे, तुझी सून सारखी तार्तूला काय जाते गं? दुखतंय खुपतंय का काही? की पाळणा हलणार आहे? तुला तर दवाखान्यात सगळं दिसत असेल.’’ मी म्हटलं, ‘‘मला काहीच माहीत नाही.’’ ‘‘जा बाई, आमच्यापासून कसली चोरी,’’ म्हणाली. सगळ्या माझ्या कानांकडे बघत होत्या. मी खोटं बोलले की माझे कान लालबुंद होतात, हे अख्ख्या गायनवृंदाला ठाऊक आहे. त्या दिवशी कान जसेच्या तसे राहिले. आइनो हिरमुसली आणि गाडी बटाट्याच्या बियाण्यावर गेली.

घरी येताना सायकलवर मला एकटीलाच हसू फुटलं. मला माहीत असतं तर मी शब्दही बोलले नसते, पण माझ्या कानांनी चहाडी केली असती. तू मला घराबाहेर काढलंस असं मी धरून बसले होते. तू फक्त तुझं दुखणं तुझ्याकडे ठेवलंस. ते तुझंच आहे, योसेपचं नाही आणि माझं तर नाहीच. हे मी इतरांना शिकवत आले, पण माझ्याच घरात मला ते उशिरा कळलं.

काळजी वाटतेच. तू बारीक झालीस हे बघायला संगणक लागत नाही. पण तार्तूच्या मोठ्या इस्पितळातले डॉक्टर तुझं बघताहेत आणि त्यांना सगळं दिसतं, यावर मी मन घट्ट केलं आहे.

आज दुपारी तुझा निरोप आला: ‘‘उर्वे, कडी काढली आहे. तू बघितलंस तरी चालेल.’’ मी तेव्हा संगणकासमोरच बसले होते. किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. लगेच शंकाही आली, योसेपनं गळ घातली असेल का? की मी आपटलेल्या भांड्यांचा आवाज तुमच्यापर्यंत पोचला? मी बघितलं नाही, त्रीनू. कोणी कधी डोकावलं ते तुला दिसतं, हवं तर खात्री करून घे. कागद बघितले तर ते नर्सला कळेल, आणि मला तुझी नर्स व्हायचं नाही. म्हणून हे पत्र. कडी खुशाल पुन्हा लावून टाक, मला राग येणार नाही. शनिवारी मी सॉना तापवते आहे, आपल्या दोघींसाठीच. योसेपला मासे धरायला पिटाळू. उष्णता सोसत नसेल तर का म्हणून विचारणार नाही, बाहेर पायरीवर बसू. सांगावंसं वाटेल तेवढं सांग. काहीच सांगावंसं वाटलं नाही, तरी ये.

तुझीच,
उर्वे